झाडं गप्प होती

शुक्रवारी दुपारची जेवणं उरकून सूनबाई मागच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थबकली. टबातल्या सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. लेट्यूसची पानं पिळून वाळत घातलेल्या रुमालांसारखी लोंबत होती, पालक आडवा झाला होता, आणि ज्याच्या चिवटपणाचं ती वर्गात नेहमी कौतुक करायची तो पुदिनाही शेंडे खाली घालून बसला होता. सकाळी हीच रोपं कवायतीला उभी असल्यासारखी ताठ होती.

उद्या सकाळी नव्या तुकडीचा पहिला वर्ग होता. लोक हाच टब बघायला येणार होते.

ही खोली एके काळी अडगळीची होती. खिडकी नाही, भिंतीत एक छोटा पंखा, दाराशेजारी विजेचा बोर्ड. सूनबाईने ती रिकामी करून मातीशिवाय भाजी लावायला सुरुवात केली तेव्हा नवरा म्हणाला होता, "लोक घरात कुत्रा पाळतात. आमच्याकडे पालक पाळलाय." झाकणाचा मोठा टब, झाकणाला गोल भोकं, प्रत्येक भोकात जाळीची वाटी, वाटीत रोप आणि खाली खत मिसळलेल्या पाण्यात सोडलेली मुळं. वर लांबलचक पांढरे दिवे. एवढ्या सामानावर तिने जम बसवला आणि मग शिकवण्या काढल्या. आता कुणाच्या रोपाचं पान पिवळं पडलं की फोटो आधी तिच्याकडे येई आणि ती भांडी विसळता विसळता निदान सांगे. शिकायला येणारे तिला पाणीवाल्या मॅडम म्हणत. घरात मात्र सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हटलं, आणि नवऱ्यानेही चेष्टेत तेच उचललं होतं.

ती घाबरली नाही. वर्गात शिकवायची त्याच क्रमाने कामाला लागली. टब काठोकाठ भरलेला होता, म्हणजे पाणी कमी पडलेलं नव्हतं. मीटर बुडवून खताचा जोर पाहिला, तो ठीक होता. पाण्याचा आंबटपणा पाहायचे थेंब टाकले, रंग हवा तसाच आला. पानं उलटून पाहिली, कीड नाही. दिवे नेहमीच्याच उंचीवर. पाण्यात बोट घातलं तेव्हा मात्र ती थांबली. पाणी कोमट लागलं, आणि बोट बाहेर काढल्यावर त्याला वास आला, तुंबलेल्या मोरीसारखा.

तिने झाकण उचललं. मुळं पांढऱ्या दोऱ्याच्या लडीसारखी असायला हवीत. ती चहाच्या रंगाची झाली होती आणि हाताला बुळबुळीत लागत होती. पाणी होतं पुष्कळ, पण मुळांना श्वासच नव्हता, म्हणून काठोकाठ पाण्यात रोपं तहानेने पडली होती. टबाच्या तळाला हवेचा एक दगड असतो. बाहेरच्या छोट्या पंपातून नळीने त्यात हवा जाते आणि पाण्यात सतत बुडबुडे उठतात. आज एकही बुडबुडा नव्हता. नळी धरून ती पंपापर्यंत गेली, पंपाच्या वायरवरून बोर्डापर्यंत. दिव्यांचं बटण चालू. पंख्याचं चालू. पंपाचं बंद.

"नाना!" ती तिथूनच ओरडली.

नाना म्हणजे तिचे सासरे. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीची देखभाल त्यांनी उभा जन्म केली. संध्याकाळी सगळे गेले की मजल्यामागून मजला फिरायचं, शेवटचा दिवा मालवायचा आणि मग घरी यायचं. नोकरी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. ते ज्या खोलीतून बाहेर पडत ती खोली अंधारात जाई, मग आत कुणी बसलेलं असो वा नसो. "नाना, मी अजून आत आहे!" ही नवऱ्याची न्हाणीघरातली आरोळी शेजाऱ्यांच्याही पाठ झाली होती. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी मेलेलाच सापडे. घरात त्यांना बत्तीबंद म्हणत, आणि हे नाव ते हौसेने मिरवतही.

फक्त मागच्या खोलीतल्या बोर्डाला हात लावायचा नाही, असं सूनबाईने त्यांना बजावून ठेवलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं होतं. ती खोली त्यांची लाडकी होती. सकाळी पेपर घेऊन ते तिथेच खुर्ची टाकत. बुडबुड्यांचा आवाज ऐकत बसायला त्यांना आवडे. "जेवणाच्या सुट्टीत कचेरीत असाच गलका असायचा," असं म्हणत.

ते पेपर हातात घेऊनच आले. "काय झालं गं?"

"हे बघा काय झालं ते. पंप कुणी बंद केला?"

नानांनी रोपांकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "अरे देवा. मी?"

"मग कोण? मी बंद करणार आहे का? उद्या माझा वर्ग आहे, नाना! काय दाखवू मी लोकांना, हा पाचोळा?"

"सकाळी आलो होतो खरा. पेपर वाचत बसलो होतो." ते आठवू लागले. "जाताना हात गेला असेल."

"असेल म्हणजे? गेला की नाही गेला?"

"आठवत नाही गं."

त्यांनी आपला उजवा हात पालथा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. सूनबाईला आता आठवलं, पेपर वाचून बाहेर येताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं होतं, "सूनबाई, आज तुझी मंडळी गप्प आहेत." तेव्हा ती घाईत होती. "झाडं कधी बोलतात का, नाना?" म्हणून तिने उडवून लावलं होतं आणि नवऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. स्वतःच पंप बंद करायचा आणि स्वतःच येऊन झाडं गप्प आहेत म्हणायचं! तिला जास्तच राग आला.

तिने पाणी बदललं, गार पाणी भरलं, कुजकी मुळं कात्रीने छाटली, खत पातळ केलं, दिवे अर्धे केले आणि पंप लावला. नाना दारात उभे राहून "काही धरू का?" विचारत राहिले. ती "नको" म्हणत राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. गेले काही महिने तिचं एकच म्हणणं होतं, की नानांना आता घडीभरही एकटं सोडणं बरं नाही, माझ्याकडे आणते. माझ्याकडे दिवसभर बाई असते, लक्ष राहील. त्यालाही कारण होतं. नानांनी एकदा चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवलं होतं, एकदा नळ उघडा ठेवून फिरायला गेले होते. पण नानांना जायचं नव्हतं. "तिच्याकडे मी पाहुणा असतो. पाहुण्याला दिवा मालवायचाही अधिकार नसतो," असं ते म्हणत. आणि प्रत्येक वेळी सूनबाईच पदर खोचून मधे पडली होती. नानांचं मी बघते, म्हणाली होती. तिच्या शब्दावर ताई गप्प बसत असे.

"कशी आहेस? आवाज का असा?" ताईने विचारलं.

सूनबाईने सगळं सांगितलं. सांगता सांगता जरा वाढवूनच सांगितलं. "आणि ताई, सकाळी मला म्हणतात, झाडं गप्प आहेत."

"म्हणजे?"

"तसंच म्हणाले. झाडं गप्प आहेत."

"बघ," ताई म्हणाली. "मी सांगत होते ना? आज पंप, उद्या गॅस. आता तूच म्हणतेस म्हटल्यावर मी वेगळं काय सांगू."

नाना शेजारच्या खोलीतच होते. दार उघडं होतं.

शनिवारी वर्गाला चांगली गर्दी झाली. बेकरीवाला आला होता, चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्या होत्या, एक नवं जोडपं होतं. नानांनी सकाळपासून खुर्च्या पुसल्या, मांडल्या, कमी पडल्या तेव्हा शेजारून आणल्या. रोपं अजून मान वर करायला तयार नव्हती. सूनबाईने ठरवलं, लपवायचं नाही. बिघडलेल्या टबाचाच धडा करायचा. तिने झाकण उचलून मुळं दाखवली, वास घ्यायला लावला, कारण कसं शोधलं ते पायरीपायरीने सांगितलं. लोक मान डोलवत होते. तिला रंग चढला.

"खत चुकलं तर उपाय आहे," ती म्हणाली. "बुरशीवर उपाय आहे, किडीवर आहे. घरातल्या माणसांवर मात्र अजून औषध निघालेलं नाही."

हशा पिकला. बेकरीवाला म्हणाला, "मग मॅडम, तुमच्याकडची ही कीड कोणती?"

नाना त्याच वेळी पाण्याचे पेले घेऊन दारात आले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ती आत्ताच तुमच्या खुर्च्या मांडून गेली."

सगळे वळून नानांकडे बघत हसले. नानाही हसले, जरा उशिराने. मग त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि मागच्या मागे निघून गेले. जाताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

वर्ग संपला, लोक पांगले. नवऱ्याने खुर्च्या परत दिल्या. सूनबाई फोन घेऊन कोपऱ्यात बसली. ज्यांना येता आलं नव्हतं त्यांच्यासाठी तिने गुरुवारी दुपारी याच खोलीत एक व्हिडिओ करून ठेवला होता. पुढचामागचा नको तो भाग कापून आज पाठवायचा होता.

तिने तो सुरुवातीपासून लावला. पडद्यावर टबाचा कोपरा दिसला, रोपं डौलात उभी, आणि मागे पंख्याची नि पंपाची घरघर. मग तिचाच आवाज, वैतागलेला: "शी, ही घरघर येतेय सगळी." तिचा हात पडद्यासमोरून बोर्डाकडे गेला. खट्. पंखा थांबला. खट्. पंप थांबला. खोलीत शांतता पसरली आणि त्या शांततेत ती समोर येऊन उभी राहिली, केस नीट केले आणि गोड आवाजात बोलू लागली:

"मंडळी, एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हा पंप म्हणजे त्यांचा श्वास. तो कधीही, काहीही झालं तरी, बंद करायचा नाही."

आवाज काचेसारखा स्वच्छ आला होता.

तिने व्हिडिओ थांबवला नाही. शेवटी दाराची घंटा वाजली, पडद्यावरची ती "आले, आले!" म्हणत पळाली. जाळीच्या वाट्यांचं पार्सल आलं होतं, ते तिला आठवलं. नुसता टब बराच वेळ दिसत राहिला. मग ती कपाळ पुसत परत आली. "बाई, काय उकडतंय," म्हणाली, आणि हात बोर्डाकडे गेला. खट्. एकदाच. पंख्याचा आवाज सुरू झाला. मग तिचं बोट पडद्यावर मोठं होत आलं आणि व्हिडिओ संपला.

सूनबाईला कानशिलं तापल्यासारखी वाटली. तिने फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती तरी ऐकलं. शुक्रवारी सकाळी नाना खोलीत आले तेव्हा पंप आदल्या दुपारपासून बंद होता. झाडं खरंच गप्प होती. घरात एकट्या त्यांनाच ते ऐकू आलं होतं, आणि त्यांनी येऊन तिला सांगितलंही होतं.

आणि मग तिने जे केलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिने व्हिडिओची पुढची खटखट कापली, मागची कापली, मधला स्वच्छ भाग तेवढा ठेवला आणि वर्गाच्या गटावर पाठवून दिला. थोड्याच वेळात चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचं उत्तर आलं: "किती सुंदर समजावलंय, मॅडम!"

मूळ व्हिडिओ पुसायला तिचं बोट गेलं होतं. तेवढं मात्र तिच्याने झालं नाही.

अंधारून आलं तेव्हा ती पुढच्या खोलीत गेली. नाना अंधारातच बसले होते, दोन्ही हात काखेत दाबून.

"दिवा नाही लावला, नाना?"

"हात लावायचा नाही असं ठरवलंय," ते म्हणाले. "लावायला नाही नि मालवायलाही नाही. तुम्हीच करत जा आता."

तिने दिवा लावला. त्यांनी डोळे किलकिले केले. त्यांच्या पायाशी कपड्यांची बॅग उघडी पडली होती.

"हे काय?"

"ताईला मीच फोन केला दुपारी. उद्या येतेय न्यायला."

"नाना, अहो, एवढ्याशा गोष्टीवरून..." ती बॅगेपाशी खाली बसली. "कदाचित माझ्याकडूनही राहिलं असेल. पंप लावायचा."

नानांनी तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं की तिला नजर वळवावी लागली. "तू असं म्हणतेस हा तुझा मोठेपणा. पण मला खोटा दिलासा नको, पोरी. तू ऐक. गॅस विसरलो होतो ना, ते मला नंतर आठवलं. आधण ठेवल्याचं आठवलं, फोन वाजल्याचं आठवलं. नळाचंही तसंच. हे मात्र आठवतच नाही. कालपासून मी पुनःपुन्हा करून बघतोय. खोलीत गेलो. खुर्ची ओढली. पेपर उलगडला. आवाज नव्हता म्हणून टबाकडे पाहिलं. उठलो, दाराबाहेर पडलो. मधे बोर्ड येतच नाही. म्हणजे तेवढा तुकडाच डोक्यातून गळून गेलाय. आणखी काय काय गळलंय, कोण जाणे. मला त्याची भीती वाटते."

आता सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तोंड उघडायला गेलं की वर्गातला तो हशा आधी कानात वाजे, आणि ट्रे घेऊन दारात उभे असलेले नाना दिसत. पंप बंद केला हे सांगणं सोपं होतं. त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

"जेवायला चला," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर नवऱ्याने मुकाट्याने बॅग भरायला घेतली. तिने नानांच्या सदऱ्यांच्या घड्या घालून त्याच्या हातात दिल्या.

रविवारी ताई आली ती वाऱ्यासारखी. "झाली का तयारी? नाना, चष्मा घेतलात? औषधं? अरे, ती बॅग खाली ने ना, बघत काय उभा राहिलास!" तिने सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला. "तू वाईट नको वाटून घेऊस हं. तू केलंस ते पुष्कळ केलंस." सूनबाईला तो हात विस्तवासारखा लागला.

नाना म्हणाले, "निघण्याआधी जरा मागच्या खोलीत जाऊन येतो."

सगळेच त्यांच्या मागून गेले. नाना दारातून आत शिरताना बोर्डापासून अंग चोरून शिरले. पुदिन्याने शेंडा किंचित वर केला होता. लेट्यूसची अर्धी रोपं गेली होती, उरलेली जगतील असं दिसत होतं. टबात बुडबुडे उठत होते.

"आज बोलतायत," नाना म्हणाले.

ताईने भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

नाना सूनबाईकडे वळले. "एक विचारू? शुक्रवारी सकाळी मी तुला म्हणालो होतो ना, मंडळी गप्प आहेत म्हणून? का तेही माझ्या मनाचंच?"

त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं, एखाद्याने रस्त्यात पत्ता विचारावा तसं. ती नाही म्हणाली असती तर त्यांनी तेही मान्य केलं असतं. ते तिला दिसलं.

"म्हणाला होतात," ती म्हणाली. "आणि ती गप्पच होती. मी बंद केला होता पंप. गुरुवारी. मी."

"अगं, आता त्यांना बरं वाटावं म्हणून..." ताईने सुरुवात केली.

सूनबाईने फोन काढला, मूळ व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. शी, ही घरघर येतेय सगळी. खट्. खट्. मग तो गोड उपदेश. तिने तो मधे थांबवला नाही. थांबवायचा तिला हक्क नाही असं वाटलं. घंटा. बाई, काय उकडतंय. खट्.

मग ताई म्हणाली, "हे तुला कधी कळलं?"

"काल. वर्ग झाल्यावर."

"काल?" नवरा म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही. "काल मी बॅग भरत होतो. तू मला सदऱ्यांच्या घड्या करून देत होतीस."

ती टबाच्या झाकणाकडे बघत उभी राहिली. शरमेने माणसाला घाम येतो हे तिला तेव्हा कळलं.

नानांचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. "परत लाव," ते म्हणाले.

"नाना, राहू दे ना."

"परत लाव. ती सुरुवात."

तिने लावलं. पहिल्या खटला त्यांनी एक बोट उचललं, दुसऱ्या खटला दुसरं. "म्हणजे बोर्ड मधे नव्हताच," ते म्हणाले. "खोलीत गेलो, खुर्ची, पेपर, टब, दार. बोर्ड नव्हताच. मला बरोबर आठवत होतं." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "बरोबर आठवत होतं रे मला!"

"नाना, ते ठीक आहे," ताई जरा सावरून म्हणाली. "हिने चूक केली, कबूलही केली. पण गॅस? तो नळ?"

"गॅस माझा. नळ माझा. ते मी कुठे नाकारतोय? डॉक्टरांकडे न्यायचंय ना, ने, येतो. पण जे माझं आहे तेवढंच माझ्या माथी मार. हे माझं नाही. बॅग आत ठेवा ती."

ताई भावाला म्हणाली, "ठेव बाबा. नाहीतर मलाही दिवा मालवून हाकलतील."

सूनबाई पुढे झाली. "नाना, मी काय बोलू..."

"वर्गातल्या लोकांना सांगशील?" नानांनी विचारलं.

त्यात राग नव्हता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"सांगते."

"त्यांच्या खुर्च्या मी मांडल्या होत्या," ते म्हणाले. एवढंच.

तिने तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. पंप मीच बंद केला होता आणि लावायला विसरले. खोलीत येऊन सगळ्यात आधी ते ओळखलं माझ्या सासऱ्यांनी. काल मी तुमच्यासमोर त्यांच्यावर विनोद केला, तो खोटा होता. सोबत न कापलेला व्हिडिओ जोडला. बोट थांबत होतं, पण सगळे बघत होते. तिने पाठवला. लगेच बेकरीवाल्याचं उत्तर आलं, हसून डोळ्यांत पाणी आलेलं एक तोंड, आणि खाली: "मॅडम, म्हणजे कीड सापडली तर!"

तिने फोन नानांसमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून सावकाश वाचलं, आधी तिचं, मग बेकरीवाल्याचं. हसले नाहीत. मान हलवून फोन परत दिला.

"चला, चहा टाका कुणीतरी," ते म्हणाले. "मी टाकला तर ताई घाबरेल."

ते दाराकडे निघाले. पाठीमागे बांधलेले हात सुटले होते. दारातून बाहेर पडताना उजवा हात आपोआप उचलला गेला, बोर्डावर क्षणभर अडला, आणि नीट चाचपून त्यांनी एकच बटण बंद केलं. लांब दिवे विझले. खोलीत काळाकुट्ट अंधार झाला.

"नाना, आम्ही अजून आत आहोत!" नवरा ओरडला. ताईला हसू फुटलं.

अंधारात बुडबुडे चालू होते. बोर्ड सूनबाईच्या हाताशीच होता, पण तिने लगेच दिवा लावला नाही. कुणालाही आपला चेहरा दिसत नाही, तोवर तिला तिथे उभं राहायचं होतं.